मंदारशी कोणी बोलू नका

जिंकणाऱ्या टीमकडे कप असतात, हरणाऱ्या टीमकडे किस्से. आमच्याकडे इतके साठलेत की कुणाकडे चहाला बसलं की एखादा आपोआप बाहेर पडतोच, प्रेसमधून साखर काढताना मागची हळद अंगावर पडते तसा. प्रेस म्हणजे इथलं किचनचं कपाट. आता तोंडात तेच बसलंय, काय करणार.

तर आमची टीम म्हणजे डब्लिनमधली एक हौशी बेसबॉल टीम. हो, बेसबॉल. हो, आयर्लंडमध्ये. मैदान टॅला या उपनगराच्या बाजूला, नदीला लागून. टीमचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे, कारण मैदानाच्या पार टोकाला एक राखाडी बगळा कायम उभा असतो. खेळणारे बहुतेक आयरिश, त्यात आपले दोघं: मंदार आणि ओंकार. बाकावर बसून ओरडणाऱ्या दोघी: मी आणि माझी फ्लॅटमेट प्राजक्ता. आठवडाभर मी ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात कोड लिहिते आणि रविवारी ट्राम पकडून इथे येते, हरायला.

मंदार आमचा पिचर. म्हणजे आपला बोलरच, फक्त जवळजवळ अख्खी मॅच तोच टाकतो. आणि काय टाकतो! समोरचे बॅटर बॉल गेल्यावर बॅट फिरवतात. तरी दोन सीझनमध्ये त्याच्या नावावर एकही विजय नाही, कारण जिंकायला आपल्या टीमने रन काढावे लागतात. आणि त्या बाबतीत आमची टीम खरंच बगळा आहे. एका पायावर उभी.

त्यात या जुलैत मंदार डब्लिन सोडणार होता. त्याआधी त्याला एक, फक्त एक मॅच जिंकून द्यायची, हे आमचं उन्हाळ्यातलं स्वप्न.

*

मंदार मूळचा अकोल्याचा. कॉलेजात फास्ट बोलर होता, पण जिल्ह्याच्या ट्रायलला अंपायरने त्याला नो-बॉलवर नो-बॉल दिले. हात वाकतो म्हणून. सिलेक्टर म्हणाले, "बाळा, ही बोलिंग नाही. हे फेकणं आहे." झालं, पोरांनी नावच पाडलं: फेकी. त्याने क्रिकेट सोडलं, डॉक्टर झाला, इकडे आला.

एकदा टॅलाच्या हॉस्पिटलमधून ड्युटी संपवून चालत येताना कुंपणावरून एक बॉल त्याच्या पायाशी येऊन पडला. पलीकडून डेक्लनने हात केला. डेक्लन आमचा कोच, एरवी प्लंबर. मंदारने बॉल उचलला आणि तिथूनच फेकला. डेक्लनच्या ग्लोव्हमध्ये असा आवाज आला, जसं कुणी दार आपटलं.

डेक्लनने ग्लोव्हकडे पाहिलं. मग कुंपणाकडे. मंदारने घाईघाईत सवयीने माफी मागितली. "सॉरी, माझा हात वाकतो."

डेक्लन म्हणाला, "वाकू दे की. अजून वाकव."

त्या संध्याकाळी मंदार घरापर्यंत चालत गेला. बस समोरून गेली तरी चढला नाही. इकडे जूनमध्ये संध्याकाळ संपतच नाही, मधासारखी सावकाश ओघळत राहते. सांगतो, "मी सगळा रस्ता हात हलवत गेलो गं. नुसता हलवत."

*

ओंकारचं उलटं. तो पुण्यात क्लबकडून ओपनिंगला जायचा. आता चिप बनवणाऱ्या प्लांटमध्ये इंजिनिअर आहे, पण आतून अजून ओपनरच. ऑफ स्टंपच्या बाहेरचा बॉल दिसला की बॅट डोक्यावर घेऊन, मान वळवून, बॉलला अगदी मानाने जाऊ देतो. वर स्वतःच म्हणतो, "वेल लेफ्ट."

बेसबॉलमध्ये स्टंपच नसतात. समोरच्या ठरावीक चौकोनातून बॉल गेला आणि तुम्ही मारला नाही तर तो स्ट्राइक. असे तीन झाले की घरी. ओंकार एका मॅचमध्ये तीनही बॉल मानाने सोडून घरी आला.

"कुणाला सांगतोय तो, वेल लेफ्ट?" डेक्लनने मला विचारलं.

"पुण्याला," मी म्हटलं.

पण खरा कहर पुढच्या मॅचला. ओंकारने चक्क बॉल मारला. मारला की सगळ्यांनी पुढच्या बेसकडे पळायचं, चार बेस झाले की रन; इथे दुसरा पर्यायच नाही. हा जागेवर उभा, तळहात पुढे करून पहिल्या बेसवरच्या आयरिश पोराला ओरडतोय, "नो! नो! वेट!" तो बिचारा अर्ध्यात थांबला. दोघंही आउट.

डेक्लन टोपी काढून शांतपणे म्हणाला, "ओंकार, ट्रॅफिक कशाला थांबवलास?"

ओंकार म्हणाला, "कोच, तिथे रन नव्हता."

*

मंदार हॉस्पिटलमध्ये भूल देतो. यावर प्राजक्ताचा ठरलेला जोक: "समोरच्या टीमला भूल देतो ते ठीक आहे, आपल्या बॅटर्सना का देतो?"

एकदा खरंच गंमत झाली. गुडघ्याच्या ऑपरेशनला एक धिप्पाड माणूस टेबलवर आला. मंदारच्या तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, फक्त डोळे दिसतायत. तो माणूस त्या डोळ्यांकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "रविवारी मला तीनदा आउट करणारा तूच ना?"

मंदार म्हणाला, "हो. आता दहापासून उलटे आकडे म्हणा."

तो म्हणाला, "तुझ्यासमोर माझं तीनच्या पुढे कधी जातच नाही."

आणि झोपला.

*

मेच्या शेवटी एक मॅच झाली, तिच्याबद्दल आम्ही अजून बोलतो. मंदारने त्या दिवशी जे टाकलं ना, मी सांगू शकत नाही. बॉल येताना सरळ, आणि बॅटजवळ आला की काहीतरी आठवल्यासारखा खाली वळायचा. समोरच्यांचा एकच रन झाला, तोही आमच्याच माणसाने सोपा बॉल पायातून जाऊ दिला म्हणून. आम्ही? भोपळा.

मॅचनंतर सगळे डेक्लनच्या व्हॅनमागे उभे, हातात त्याच्या फ्लास्कमधला चहा. प्राजक्ता रोज नाश्त्याला आदल्या रात्रीच्या अमेरिकेतल्या मॅच बघते, त्यामुळे तिला सगळ्यात जास्त राग येतो.

"असं पिचिंग तिकडे कुणी केलं असतं तर त्याला खांद्यावर घेऊन नाचले असते," ती म्हणाली. "आणि इथे याला काय मिळालं? चीज सँडविच."

"त्याचं काही चुकत नाही, तो ग्रँड आहे," डेक्लन म्हणाला; इथे 'झकास'ला ग्रँड म्हणतात. "बाकीच्यांचं चुकतंय."

"बाकीचे म्हणजे कोण?" ओंकारने विचारलं.

"ओंकार, तू चहा पी," प्राजक्ता म्हणाली.

मंदारने आधी सँडविच संपवलं. मग म्हणाला, "मला लेटरकेनीची पोस्ट मिळाली. जुलैपासून."

लेटरकेनी म्हणजे पार वर, डॉनिगॉलमध्ये. वाऱ्याने पेपर कप उडून गेला, तो आणायला कुणी गेलं नाही.

"तिकडे टीम आहे?" ओंकारने विचारलं.

"तिकडे गाडीशिवाय दूधसुद्धा मिळत नाही म्हणे. ड्रायव्हिंग शिकतोय."

डेक्लनने फ्लास्कचं झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं. "मग तोपर्यंत एक तरी जिंकू," म्हणाला. बगळ्याकडे बघत म्हणाला, आमच्याकडे नाही.

*

त्यानंतरच्या मॅचला डोंगरावरून ढग उतरले. आधी बगळा गेला, मग लांबचे फिल्डर, मग मंदार. बाकावरून आम्हाला नुसतं पांढरं दिसत होतं. आणि त्या पांढऱ्यातून आवाज. धप. "स्ट्राइक." धप. "स्ट्राइक." कुणीतरी ढगाचं दार वाजवतंय आणि आतून कुणी उघडत नाहीये, असं.

मी आणि प्राजक्ता एका रेनकोटखाली बसून ऐकत होतो. खूप वेळ. मला वाटलं, आता हे असंच राहावं. कोणी हरणार नाही, कोणी कुठे जाणार नाही, मंदार आत कुठेतरी टाकत राहील.

शेवटी लांबून, ढगाच्या पोटातून, ओंकारचा आवाज आला. "चालू आहे का अजून?"

अंपायरने मॅच रद्द केली. धुक्यातून ओंकार हसत आला. "आज हरलो नाही," म्हणाला. "सुधारतोय आपण."

*

आणि मग शेवटची मॅच.

मंदारचं सामान बांधायला त्याची आई अकोल्याहून आली होती. पहिल्यांदाच परदेशात. काकू बाकावर माझ्या आणि प्राजक्ताच्या मधे बसल्या, स्वेटरवर शाल, मांडीवर तिखट पुऱ्यांचा डबा. संध्याकाळ झाली तरी ऊन लख्ख. काकू म्हणाल्या, "या सूर्याले घरदार हाये का नाई वो? कवाचा उभा हाये."

मंदार त्या दिवशी झोपेत चालल्यासारखा टाकत होता. समोरच्या एकालाही त्याचा बॉल धड मारता येईना. एक डाव गेला, दुसरा, चौथा. आणि माझ्या लक्षात आलं की आमची टीम बॅटिंगला आली की मंदार टीमच्या बाकाच्या टोकाला एकटाच बसतो, आणि त्याच्या बाजूची जागा रिकामी. कोणी त्याच्याकडे बघतही नाही. डेक्लन तर त्याच्या समोरून जाताना आभाळाकडे बघत गेला.

प्राजक्ता माझ्या कानात म्हणाली, "रिवाज आहे. पिचरने एकही हिट दिलेली नसली की मॅच संपेपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही. नजर लागते."

मला इतकं भारी वाटलं. नजर लागणं इथेही आहे तर!

आमचे रन मात्र नेहमीचेच, शून्य. शेवटून दुसऱ्या डावात कसेबसे तीनही बेसवर आमची माणसं पोचली. एक आउट आणि डाव खलास, अशी वेळ. आणि बॅटिंगला कोण? ओंकार.

बेसबॉलमध्ये चार वाईट बॉल पडले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो, आणि बेस भरलेले असले की सगळे एकेक घर पुढे सरकतात. ओंकारला तीन वाईट मिळाले होते. स्ट्राइकही दोन झाले होते. आता एकच बॉल. आला. ओंकारने बॅट डोक्यावर घेतली, मान वळवली आणि सोडला.

आमच्या बाकावर सगळ्यांनी डोळे मिटले.

"बॉल फोर," अंपायर म्हणाला.

तिसऱ्या बेसवरचा माणूस चालत चौथ्या बेसवर आला. चालत! आमचा एक रन. पहिल्या बेसवरून ओंकारने डेक्लनकडे पाहिलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा डेक्लन स्वतः ओरडला, "वेल लेफ्ट!"

सगळे एकमेकांच्या गळ्यात. उड्या, पाण्याच्या बाटल्या, शिट्ट्या. आणि टोकाला मंदार, मांडीवर हात ठेवून, एकटा. त्याच्याकडे कोणीच गेलं नाही.

काकूंनी माझी बाही ओढली. "काहून वो पोरी, माह्या पोराशी कोणी बोलून नाई राहिलं?"

माझं अर्धं लक्ष मैदानावर. मी म्हटलं, "काकू, आज त्याच्याशी नाही बोलायचं. सगळ्यांनी ठरवलंय."

थोड्या वेळाने बघते तर काकू उठल्या होत्या. शाल खोचली, डबा उचलला आणि सरळ टीमच्या बाकाकडे. डेक्लनने दोन्ही हात आडवे केले, पण ओरडणार कसा? मंदारच्या समोर बोलायचंच नव्हतं. काकू त्याच्या हाताखालून गेल्या, मंदारला खेटून बसल्या, डबा उघडला आणि पुरी त्याच्या तोंडात घातली. काहीतरी बोलल्या, बराच वेळ. मंदार आधी नुसता मान हलवत होता. मग पोट धरून हसायला लागला.

"गेलं," प्राजक्ता म्हणाली. "आता गेलं सगळं."

शेवटचा डाव. मंदार पुरी चघळतच मैदानात गेला. पहिलाच बॉल. ठाक. समोरच्याने असा मारला की तो बगळ्याच्या पायाशी जाऊन पडला. बगळा उडाला. त्या मॅचमधली पहिली हिट, आणि त्यांचा माणूस दुसऱ्या बेसवर. प्राजक्ताने डोकं गुडघ्यांत घातलं. टीममधला एकेक जण काकूंकडे बघत होता. काकू त्यांना डबा पुढे करत होत्या.

मंदारने हात पँटला पुसले. आईकडे पाहिलं. आणि मग त्याने जे टाकलं ते मला अजून डोळे मिटले की दिसतं: तिरपं सोनेरी ऊन, लांबच लांब सावली, त्या सावलीचा वाकलेला हात. पुढचा बॅटर गेला. दुसरा गेला. तिसरा, बॉल गेल्यावर बॅट फिरवून, तसाच उभा राहिला, काहीतरी विसरल्यासारखा. तीन आउट, डाव संपला.

जिंकलो.

सगळी टीम मंदारवर जाऊन पडली. ओंकार सगळ्यात वर. खालून मंदारचा फक्त हात बाहेर दिसत होता. प्राजक्ता रडत होती आणि म्हणत होती की वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंय.

काकू मात्र त्या गर्दीकडे गेल्या नाहीत. त्या डेक्लनसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हात जोडले. "पोरगं चुकलं असन तं पदरात घ्या. मनाचं लय साफ हाये थे." मग माझ्याकडे वळल्या. "सांग त्याले."

मी डेक्लनला म्हटलं, "तुम्ही मंदारला सांभाळलंत म्हणून थँक्यू म्हणतायत."

डेक्लनचे डोळे आधीच लाल होते. त्याने टोपी काखेत मारली, काकूंसारखेच हात जोडले आणि म्हणाला, "ग्रँड, मॅम. ऑल ग्रँड."

काकूंनी सुटकेचा निःश्वास सोडला. मग त्या पोरांच्या ढिगाऱ्यापाशी गेल्या, खाली वाकल्या, मंदारचा तो हात धरून त्याला बाहेर ओढला आणि त्याच्या केसातली माती झटकत म्हणाल्या, "मिटवलं रे मी. आता बोलतीन सारे तुह्याशी."