तालमीची बरणी

आमच्या आत्याची बेकरी रस्त्याच्या सगळ्यात सखल टोकाला आहे. पावसाळा जोर धरायच्या आधी ती घरादाराची पुराची तालीम घेते. गळ्यात शिट्टी, पदर खोचलेला. "शिट्टी वाजली की हलायचं! चहा पिणारा हलेल, शिंकणारा हलेल, विचार करणारा आधी हलेल, मग विचार करेल!" पिठाची पोती माळ्यावर, तराजू माळ्यावर, साचे माळ्यावर. भट्टी जागच्या जागी, कारण "तिला पाय नाहीत, नि तुम्हाला डोकं नाही."

आत्याचा जीव मात्र खमिराच्या बरणीत. खमीर सासूबाईंच्या हातचं, रोज पीठ-पाणी घालून जगवलेलं. पाव फुगतो तो त्याच्यावर. ते गेलं तर बेकरी उरेल, पण तो पाव उरणार नाही.

बरणी वर न्यायचं काम आतेभावाचं. त्याला सगळे धांदल म्हणतात. पण खमीर उगाच हलवायचं नाही, असा आत्याचा कायदा. म्हणून तालमीत खरी बरणी भट्टीजवळच्या फळीवरच राहायची आणि तिच्या जोडीची रिकामी बरणी घोंगडीत गुंडाळून वर जायची.

आत्याची धाकटी जाऊ भांडून वेगळी झाली, तेव्हा तिने चढावर स्वतःची बेकरी काढली. पाव मात्र हुबेहूब तसाच. तेव्हापासून आत्या तिला 'डल्लेवाली' म्हणते. "पळीभर खमीर ढापलं आणि वर मालकीण झाली!"

यंदा पाऊस थांबेचना. एका दुपारी गटारं उलटी वाहू लागली. शिट्टी वाजली. एवढी चोख तालीम कधीच झाली नव्हती. पाणी कमरेला लागलं तेव्हा सगळे माळ्यावर होते, तराजूसकट. आत्याने घोंगडी उलगडली.

बरणी रिकामी होती.

"तूच म्हणायचीस ना, तालमीसारखंच करा?" धांदल म्हणाला.

खाली खरी बरणी आडवी होऊन तरंगत होती. झाकण केव्हाच सुटलं होतं. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, घसा साफ करून म्हणाले, "बरण्या दोन्ही शाबूत आहेत." आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पोत्यामागे जाऊन बसले.

पाणी ओसरलं. आत्याने दोन दिवस चिखल उपसला, मग रिकामी बरणी धुतली आणि चढाने निघाली. मागोमाग आम्ही. नको म्हणायला तिला त्राणच नव्हतं.

"या जाऊबाई," काउंटरमागून धाकटी म्हणाली. "चोरीचा माल जप्त करायला आलात?"

आत्याने बरणी पुढे केली. "मागायला आले."

धाकटीने बरणी हातात घेतली. "चोरलं नव्हतं मी. सासूबाईंनीच दिलं होतं. म्हणाल्या, खालच्या भट्टीत कधीतरी पाणी शिरेल, एक बरणी वर असू दे."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? डल्लेवाली म्हणून मोकळ्या झालात."

आत्या खाली बसली. "चुकलं माझं," ती हळू म्हणाली. शिट्टी अजून गळ्यातच होती.

धाकटीने बरणी अर्धी भरली, झाकण घट्ट लावलं.

"एवढंच?" आत्याने विचारलं. आवाज पुन्हा जाग्यावर आला होता.

"बाकीचं इथेच राहू दे," धाकटी म्हणाली. "तुमच्या लेकाला मी लहानपणापासून ओळखते."