गवळणीत घोगरा होणारा अँप्लिफायर

घोडेगावच्या जत्रेत तमाशाचा गण नीट पार पडला. गवळण सुरू झाली आणि कर्ण्यातून शेवंताबाईंचा आवाज घोगरा, फाटका येऊ लागला. मी कनातीमागे अँप्लिफायरपाशी होतो. शेवटचा व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज मोठा करणारी काचेची नळी, आतून लाल झाला होता. स्विच बंद केला. शेवंताबाईंनी पुढचा सगळा खेळ ओरडून केला.

हे पन्नासच्या दशकातलं. जुन्नरला बशीरभाई आणि मी भागीदारीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होतो. माल ते आणायचे, जोडणी माझी. हा अँप्लिफायर आम्ही स्वतः बांधलेला पहिलाच. शेवंताबाई तमाशाच्या फडाच्या मालकीण, गाणाऱ्याही त्याच. त्यांच्या घशात गाठी झाल्या होत्या आणि डॉक्टरांनी ओरडायला मनाई केली होती. म्हणून तर माईक घेतला होता.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या. आवाज जेमतेम उमटत होता.

"मास्तर, दुसऱ्यांदा झालं ह्ये. तुमच्याकडं चांगला चालतो, खेळात का बसतो?"

"बघतो, बाई."

"शनवारी ओतूरला खेळ हाय. पुन्हा वरडले तर गळा जाईल माझा."

त्या गेल्यावर मी खोकं उघडलं. तेव्हा छापील सर्किट आमच्यापर्यंत आलं नव्हतं. बॅकेलाइटच्या पट्टीवर पितळी टॅग असत आणि एकेक भाग त्यांना हातानं कथलाचा डाग देऊन जोडायचा. डाग सगळे पक्के होते. मग संशय कंडेन्सरवर गेला. दोन व्हॉल्व्हच्या मधला कंडेन्सर आवाज पुढे जाऊ देतो आणि विजेचा मोठा दाब अडवून धरतो. त्यातून दाब गळू लागला की पुढचा व्हॉल्व्ह तापतो, आवाज फाटतो. पण मीटरवर तो चांगला दाखवत होता.

गार असताना चांगला. तो पट्टीवर बसवला होता तापणाऱ्या व्हॉल्व्हला लागून. मी तो काढून शेगडीच्या धगीला धरला, विजेचा दाब दिला आणि पुन्हा मोजला. काटा हलला. सुट्या कंडेन्सरच्या डब्यातले आणखी काही तसेच तपासले. बहुतेक गळके निघाले.

बशीरभाईंना दाखवलं. हा सगळा डबा त्यांनी पुण्याहून, लष्कराचा जुना माल विकणाऱ्या डिस्पोजलच्या बाजारातून आणला होता.

"मिलिटरीचा माल हाय राव. लढाईत चालला, तमाशात चालंना व्हय?"

"आत कागद आहे, भाई. इतकी वर्षं गोदामात पडून त्यानं दमट हवा ओढलीय."

"मग सगळा डबा टाकायचा?"

"या तापत्या जागी तरी त्यातला वापरायला नको."

बशीरभाईंनी डबा उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवला.

नवा, पत्र्यात बंद केलेला कंडेन्सर मुंबईहून यायचा, तो शनिवारपर्यंत येणं शक्य नव्हतं. माझ्याकडे अभ्रकाचा होता. अभ्रक धगीला दाद देत नाही. अडचण एकच, तो कमी क्षमतेचा होता आणि त्यातून खर्जातला आवाज नीट जात नाही. तो व्हॉल्व्हपासून लांब, पट्टीच्या दुसऱ्या टोकाला बसवला. शेवंताबाईंना आणि त्यांच्या ढोलकीवाल्याला बोलावून ऐकवलं. गाणं स्वच्छ होतं, ढोलकी मात्र डबा वाजवल्यासारखी.

मी म्हणालो, "ढोलकी बारीक झालीय. मुंबईचा माल येईपर्यंत थांबायचं का?"

त्यांनी ढोलकीवाल्याकडे पाहिलं. तो नाराज होता.

"ह्याची ढोलकी माईकबिगर शिवंपातूर जाती. माझा आवाज जात न्हाई. ऱ्हाऊ द्या असंच."

ओतूरला वग संपेपर्यंत आवाज टिकला. मी अधूनमधून व्हॉल्व्ह पाहत होतो, तो लाल झाला नाही. मुंबईचा कंडेन्सर पुढे आला, पण शेवंताबाईंनी तो बसवू दिला नाही. चालतं यंत्र त्यांना उघडायचं नव्हतं. ढोलकीवाला माझ्याशी तो हंगामभर बोलला नाही.

तेव्हापासून कुठलाही भाग मी तापवून तपासल्याशिवाय बसवला नाही. आणि काहीतरी सोडावंच लागणार असेल तर काय सोडायचं, हे गिऱ्हाइकाला आधी विचारू लागलो. मी स्वतः ठरवलं असतं, तर मुंबईच्या मालासाठी थांबून ढोलकी वाचवली असती.