मिठाची जागा

जगात जे जे म्हणून बिघडलं आहे, ते सगळं केवळ गोष्टी एकाखाली एक लिहिल्यामुळे बिघडलं आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो माझ्या बायकोचा मावसभाऊ निघाला. राहायला आमच्यासारखाच इंग्लंडातल्या रीडिंग गावात, स्टेशनच्या पलीकडे. एकटाच. नोकरी एका विमा कंपनीत. तिथे वेबसाइटवरचं बटण डावीकडे असावं की उजवीकडे, यावर वर्षानुवर्षं मीटिंगा चालतात आणि त्या मीटिंगांना हा बसतो. पण त्याचा खरा राग सर्चवर. इंटरनेटवर काही शोधलं की उत्तरं एकाखाली एक रांगेत येतात, याचा त्याला स्वतःचा अपमान झाल्यासारखा त्रास व्हायचा. "भाऊजी, सगळ्या जगाचं ज्ञान, आणि मांडणी वाण्याच्या यादीची," तो म्हणायचा. "पहिला आला तो शहाणा. खालच्यांकडे कुणी बघतच नाही." मी शाळेच्या लायब्ररीत जन्म काढलेला माणूस, मला यादीचं वावडं नाही. पण त्याच्याशी वाद घालायला जी ताकद लागते ती माझ्यात तेव्हाही नव्हती, आता तर मुळीच नाही.

दर थोड्या महिन्यांनी एखाद्या रविवारी तो लॅपटॉप काखेत मारून यायचा, आणि लॅपटॉपमध्ये उत्तरं मांडायची नवी तऱ्हा असायची. आधी त्याने आकाश केलं. प्रत्येक उत्तर म्हणजे एक तारा, महत्त्वाचं तेवढं जवळ. वांग्याच्या भरताची रेसिपी शोधायला माझ्या बायकोला ते अख्खं आकाश बोटाने फिरवावं लागलं आणि तिला गरगरायला लागलं. मग त्याने पुस्तकांचं कपाट केलं, मजकूर मोठा तेवढं पुस्तक जाड. ते मला आवडलं, आणि बहुधा म्हणूनच त्याला त्या कपाटाविषयी शंका येऊन त्याने ते मोडलं. लंडनजवळ पिनरला एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो असताना त्यांचा बॉयलर गळायला लागला. यजमानांनी याला प्लंबर शोधायला सांगितलं, कारण हा कॉम्प्युटरवाला. याने प्लंबरांची वर्तुळं काढली. जवळचा तो मोठा, लोकांनी वाखाणलेला तो हिरवा. वर्तुळं खरोखर देखणी होती. तोवर पाणी छतातून सोफ्यावर ठिबकायला लागलं होतं. यजमान शांतपणे म्हणाले, "अरे, रंग नंतर भर. एक नंबर दे." परतीच्या ट्रेनमध्ये तो वाटभर तीच वर्तुळं पुसून पुन्हा काढत होता. उतरताना एवढंच म्हणाला की वर्तुळ हा आकारच मुळात चुकीचा आहे.

त्याला योग्य आकार सापडला तो आमच्या जेवणाच्या टेबलावर. बायको ताट वाढत होती आणि तो पाहत होता, जणू पहिल्यांदाच पाहतो आहे.

"ताई, चटणी इकडे आणि भाजी तिकडे, असं का?"

"थोडं खायचं ते डावीकडे, पोटभर खायचं ते उजवीकडे. मावशीने तुला एवढंही शिकवलं नाही का, शहाण्या?"

"आणि मीठ?"

"मीठ सगळ्यांत आधी. वर, मध्यभागी. चिमूटभर."

तो तसाच उठला. वरण निवलं, त्यावर साय धरली, पण महिनाभरात त्याचं ताट तयार झालं. काहीही शोधा, मधोमध भातासारखं मुख्य उत्तर. उजवीकडे सावकाश वाचण्यासारखं. डावीकडे लोकांची मतं आणि भांडणं, चवीपुरती. आणि वर, एका ओळीत, मीठ. जे कुणाला नको असतं पण ज्याच्याशिवाय बाकीचं सगळं खोटं वाटतं, ते मीठ, अशी त्याची व्याख्या. आम्ही समुद्रावर सुट्टीला जायचं ठरवलं, तेव्हा त्या ताटात होड्या होत्या, कड्यावरच्या पायवाटा होत्या, आणि मिठाच्या जागी होतं, "बहुतेक पाऊस असेल." होताच.

मग बायको आजारी पडली. हॉस्पिटलमधून आलं की ती फोनवर औषधाचं नाव टाकायची, आणि यादी तिला सगळ्यांत भयंकर गोष्ट सगळ्यांत आधी सांगायची. खाली जायचा धीर तिला व्हायचा नाही. वरच्या दोन-तीन ओळी वाचून ती फोन पालथा घालून बसायची. यादीविषयी तो इतकी वर्षं काय म्हणत होता, ते मला तेव्हा समजलं. एके दिवशी तिने त्याला बोलावून सांगितलं, "माझ्या दुखण्याचं ताट वाढ."

या वेळी त्याने काम कॉम्प्युटरवर सोडलं नाही. ऑफिसात रजा टाकून एकेक लेख स्वतः वाचला आणि स्वतः वाढला. मधोमध, औषध काय करतं. उजवीकडे, काय खाता येईल, किती चालावं, केस परत कधी येतात. डावीकडे, त्यातून गेलेल्या बायकांच्या चार गोष्टी, त्यातल्या दोन हसवणाऱ्या. बायकोने चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिलं. तो नखं खात उभा होता.

"यात मीठ नाही रे," ती म्हणाली.

तो म्हणाला, राहिलं असेल. आयुष्यभर एक उत्तरही मागे राहू नये म्हणून भांडलेला माणूस तो. त्याचं हे 'राहिलं असेल' ऐकताना मला खिडकीबाहेर पाहावं लागलं.

"राहिलं नाही, तू वाढलं नाहीस. मीठ न वाढता पानावर बसवतात का कुणाला? चिमूटभरच वाढ. पण वाढ."

त्याने बसून एक ओळ लिहिली. त्याला तेवढ्यासाठी बराच वेळ लागला. 'हा आजार पूर्ण बरा होत नाही. दिवस चांगले जाऊ शकतात.' तिने ती एकदा वाचली, मान हलवली, आणि म्हणाली, "हं. आता भाजी बघू." त्या रात्री ती झोपली. तिचे पुढचे दिवस बरेचसे चांगले गेले. सगळे नाही.

ती गेल्यावर त्याने मांडणी सोडली. रविवारी येतो, रिकाम्या हाताने. परवा त्याला ट्रेनची वेळ पाहायची होती, तर मुकाट्याने यादी वर सरकवत बसला, चारचौघांसारखा. मला ते बघवेना. मी म्हटलं, ताट कुठे गेलं तुझं? तो म्हणाला, "भाऊजी, समोर बसून चुका काढणारं माणूस लागतं."

मी उठून रात्रीच्या वरणाला अर्धी वाटी डाळ भिजत घालून आलो. मग म्हटलं, मला एकट्यापुरतं वरण कसं करायचं ते शोधून दे. तिच्या हातचं नको, साधंच. माझं रोज काहीतरी चुकतं.

त्याने माझाच जुना लॅपटॉप ओढून घेतला. खूप वेळाने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. बाकी ताट अजून रिकामं होतं, फक्त वर, मध्यभागी, एक ओळ होती. 'एकट्यापुरतं वरण नीट होत नाही. थोडं जास्त करावं.'

"हे कुठल्या साइटवर आहे?" मी विचारलं.

तो चष्मा काढून पुसत राहिला. मी उठलो आणि आणखी अर्धी वाटी डाळ धुवायला घेतली.