रजईच्या खोळीत मावेल असा

पॅराग्लायडर घेताना लोक आधी वजन विचारतात. पाठीवर घेऊन डोंगर चढायचा आणि वरून उडत खाली यायचं, म्हणजे वजनाचा विचार आलाच. मी मात्र मला उडायला शिकवणाऱ्या पुण्याकडच्या सरांना फोनवर एकच विचारत होते, घडी केल्यावर केवढा होतो? त्यांना वाटलं, पोरगी चढाईचा लई बारीक विचार करायली. कशाचं काय! मला तो लातूरच्या घरात लपवायचा होता.

विष्णुपुरीला कॉलेजात असताना मला हे वेड लागलं. सुट्टीत जाऊन शिकले. लग्नानंतर सासूबाईंनी माझा एक जुना व्हिडिओ पाहिला आणि निकाल देऊन मोकळ्या झाल्या, लेकरू होईस्तोवर असलं काही न्हाई. नवरा म्हणाला, आईला कळू न देता वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत जात जा. आमच्याकडे याला मोठं मन म्हणतात.

सर सांगत होते, जाड कापडाचा घ्या, पातळ कापडाला फार जपावं लागतं. मी पातळच घेतला. बसायचे पट्टेही नुसत्या फितीचे. संकटात उघडायचं दुसरं पॅराशूट मात्र सोडलं नाही, मरायची हौस नव्हती मला. ग्लायडरचा कापडी पंख रजईच्या खोळीत गेला, पट्टे उशीत, पॅराशूट तक्क्यात. हेल्मेट स्कूटीवर राजरोस मिरवलं. गेल्या दिवाळीत एकदा उडून आले आणि सगळं परत दिवाणात, पाहुण्यांच्या अंथरुणांखाली.

मग वर्षभर तेच. क्लासवर फिजिक्स शिकवायचं, घरी येऊन भाकरी टाकायच्या आणि दिवाणाला कुणी हात तर लावला नाही ना, ते बघायचं. स्वतःच्याच घरात चोर! यंदाच्या दिवाळीचं तिकीट काढलेलं होतं, त्याच्यावर दिवस ढकलत होते.

आणि मी शहाणी, दसरा काढायचा असतो हेच विसरले. घट बसायच्या आधी घरातली चिंधीन् चिंधी धुऊन निघते. लातुरात पाण्याची बोंब, म्हणून आमची धुणी रेणापूरच्या शेतात, विहिरीवर. मी क्लासवर असताना सासूबाईंनी दिवाण रिकामा करून टेम्पो भरला. नवऱ्याचा फोन आला तशी स्कूटी पिटाळत निघाले.

पोचले तेव्हा उशा-तक्के अजून टेम्पोतच होते, पण पंख सोड्याच्या पाण्यातून निघाला होता. धोपाटण्यानं बडवूनही झाला होता. गुंता होतो म्हणून त्याच्या सगळ्या दोऱ्या विळ्यानं कापून बाजूला टाकलेल्या. असल्या कापडाला साधा साबणसुद्धा चालत नाही. तोंडाला येईल ते बोलावं वाटलं. पण सासूबाई घामाघूम होऊन, कमरेवर हात ठेवून, खुशीत माझ्याकडे बघत होत्या.

"रजईच्या खोळीत निघालं. कशाचं हाय गं हे?"

हीच वेळ होती बोलायची. आता लपवायला उरलं तरी काय होतं?

"मांडवाचं," मी म्हणाले. "जुनंच हाय."

"मंग बरं झालं. किती कुसळं होती त्यात. धर ते टोक."

धरलं. दोघींनी मिळून पिळलं. बांधावर पसरलं तर वारा आत शिरला आणि कापड एका अंगानं उचललं. उडून जाईल, दगड आण, त्या म्हणाल्या. मी चांगले जड बघून आणले आणि चारी कोपऱ्यांवर ठेवले.