पलीकडच्या घोडीचा दमा

मला लहानपणापासून दमा, त्यामुळे खोकल्याचे प्रकार मी नुसते ऐकून ओळखते. मागच्या भिंतीपलीकडे कक्कांची घोडी खोकायला लागली, तेव्हा दोन दिवसांतच माझ्या लक्षात आलं, ही साधी सर्दी नव्हे.

आम्ही मानिक चौकामागच्या गल्लीत राहतो, आई आणि मी. कक्का आमचे शेजारी, मूळचे इथलेच, बोलीही इथलीच, सत्तरी उलटलेले. त्यांच्या पांढऱ्या घोडीवर बसून या भागातले किती नवरदेव लग्नाला गेले असतील, त्याला गणती नाही. काकी गेल्यापासून घरात ते आणि ती, दोघंच. तिला ते ‘बेटा’ म्हणायचे, मला ‘बिन्नू’, आणि सकाळची पहिली रोटी तिला द्यायचे.

त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली. कक्कांनी तबेल्याची खिडकी विटा लावून बुजवली, दाराला गोणपाटं टांगली, खाली जुन्या भुशाचा जाड थर अंथरला. शिवाय डासांसाठी रोज संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. घोडी जास्त खोकली की ते आणखी एक गोणपाट लावायचे. आईला हे अगदी पटायचं. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबून तिनं मलाही असंच वाढवलं होतं.

शेवटी जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मीच घेऊन आले. तरुण होत्या, बोलायच्या कमी. त्यांनी घोडीचा ताप पाहिला, जबड्याखाली गाठी आहेत का ते चाचपलं, मग बराच वेळ तिच्या पोटाकडे पाहत राहिल्या.

"पाहा, श्वास सोडताना किती जोर लावतेय," त्या म्हणाल्या. "ताप नाही, नाकातून पू नाही. हा लागणीचा रोग नाही, दमाच आहे. भुशाची धूळ, बुरशी, मुताचा उग्र वास, वर हा धूर. इंजेक्शन देते, पण कक्का, आधी हे सगळं उघडा. खायचा भुसा भिजवून घाला. आणि महिना-दीड महिना वरात बंद."

"खोल दें?" कक्का कळवळून म्हणाले. "ईखों जाड़ो लग जैहै!"

"घोड्याला थंडी सोसते, धूळ सोसत नाही. अंगावर झूल घाला हवं तर."

कक्कांनी मान हलवली. भुसा भिजवायला लागले, वरातीही नाकारल्या, पण गोणपाटाला हात लावला नाही.

त्या रविवारी मी घोडीसाठी गाजरं घेऊन गेले. कक्का आत झाडत होते. गोणपाट सारून मी आत गेले, तिच्या मानेवरून हात फिरवत उभी राहिले, आणि पाहता पाहता माझीच छाती आवळली. कशीबशी बाहेर येऊन पायरीवर बसले. पंप ओढला, दोनदा. कक्का झाडू टाकून धावत आले.

"बिन्नू, का हो गओ?"

मला बोलता येईना. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले, घोडीच्या पाठीवरून फिरवायचे तसाच, वरून खाली, सावकाश.

श्वास जागेवर आल्यावर मी म्हणाले, "कक्का, मी पाचच मिनिटं होते आत. ती दिवसभर असते."

ते उठले आणि गोणपाटं ओढून काढायला लागले. मग खुरपीनं खिडकीतल्या विटा उकरल्या. उजेडात धुळीचा लोट दिसला, तसं घोडीला अंगणात आणून बांधलं आणि तिच्या कपाळाला कपाळ टेकवून म्हणाले, "माफ कर दे, बेटा."

एवढ्यात आई आल्याचा चहा घेऊन आली आणि आम्हा दोघांनाही तिनं यथेच्छ झापलं.

पुढे कक्का डॉक्टरीणबाईंपेक्षा कडक झाले. जुना भुसा फेकून खाली वाळू टाकली. आधी घोडी बाहेर, मग जमिनीवर पाणी शिंपडायचं, मगच झाडायचं. चारा खालीच ठेवायचा, म्हणजे मान वाकवून खाताना नाक मोकळं होतं. धूर कायमचा बंद, डासांसाठी खिडकीला जाळी. होळीपर्यंत खोकला पुष्कळ कमी झाला. पुरता गेला नाही, तो जायचाही नाही. चैतात वारा सुटला की अजून दोन-चार दिवस ढास लागते.

वरातीला ते आता मोजक्याच ठिकाणी जातात. स्वतःची बादली नेतात, दुसऱ्या घोड्यांच्या पाण्याला तिला तोंड लावू देत नाहीत. फटाक्यांवरून बँडवाल्यांशी भांडणं होतात. या घोडीपायी कक्का एक दिवस पोलीस चौकीत बसणार, असं आई म्हणते. ते ऐकून कक्का खूश होतात.

रविवारी सकाळी आम्ही तिघं छावनीकडच्या रस्त्यानं फिरायला जातो. तिकडे झाडं आहेत, गर्दी नाही. चढ आला की घोडी आपणच थांबते. कक्का लगाम सैल सोडतात, टोपी काढून डोकं पुसतात आणि ती निघेपर्यंत मला तिच्या लहानपणच्या खोड्या सांगत बसतात.