समुद्रफेसातली अंगठी
परवा बुधवार पेठेत पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात समुद्रफेस दिसला, माकूळ या समुद्री जिवाचं ते पांढरं, हलकं हाड, आणि कसब्यातले म्हातारे सोनारकाका आठवले. माझं लग्न ठरलं तेव्हा आईने, बाबा गेल्यावर काढून ठेवलेली आपली जोडवी माझी अंगठी करायला त्यांच्याकडे नेली होती. काकांनी अशाच हाडात अंगठीचा नमुना दाबून साचा केला आणि वितळलेली चांदी ओतली, तसा केस जळल्यासारखा वास दुकानभर पसरला. निघालेल्या अंगठीवर हाडातल्या बारीक लाटा उमटल्या होत्या. “घासून गुळगुळीत करून द्या,” मी म्हणाले. आई त्या लाटांवरून अंगठा फिरवत होती. “राहू द्या हो,” ती काकांना म्हणाली, “घासायला पुढे संसार आहेच.” परवा ते हाड हातात घेतलं, तर लाटा बोटाला लागल्या. अंगठीवर आता एकही उरलेली नाही.