आत्या शेवटाआधी टीव्ही बंद करायची

मागच्या पोस्टमधलं एक वाक्य चुकलंय.

"महानंदाआत्याला घरातल्या सगळ्यांनी निरोप दिला," असं मी लिहिलं होतं.

सगळ्यांनी नाही. उदगीरला तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, आप्पांना, ती गेल्याचं अजून माहीतच नाही.

आज महिना झाला.

पक्षाघातानंतर आप्पा अंथरुणावर आहेत. धक्का सोसणार नाही म्हणून पप्पांनी सांगितलंय, तिची बँकेतून किनवटकडे बदली झालीय, तिथं रेंज नसते.

दम्यामुळे मी तिसरीपर्यंत शाळेत गेले नाही. लातूरच्या घरी आत्याच माझी शाळा. अभ्यास म्हणजे थोरामोठ्यांच्या आयुष्यांवरची टीव्हीवरची एक सिरीज. अजूनही चालू आहे.

दर रविवारी एक माणूस. त्याचं गाव नकाशात शोधायचं, नाव पाटीवर लिहायचं, संध्याकाळी तोंडी सांगायचं.

शेवटी संगीत संथ झालं की आत्या उठून टीव्ही बंद करायची.

त्यामुळे माझ्या लेखी ती सगळी माणसं जिवंत होती.

चौथीत बाईंनी एका शास्त्रज्ञाबद्दल विचारलं. मी म्हटलं, आता म्हातारे झालेत, परदेशात असतात. वर्ग हसला. ते आप्पांच्या जन्माआधीच गेले होते.

घरी येऊन आत्याशी भांडले. ती भाकरी थापत म्हणाली,

"मी खोटं कुठं बोलले? टीव्ही बंद केला, एवढंच. आन् दोघंचौघं जास्त जगले तर तुझं काय जाऊन राहिलं?"

गेल्या रविवारी आप्पांजवळ बसले होते. तीच सिरीज लागली. संगीत संथ झालं आणि माझा हात आपोआप रिमोटकडे गेला.

आप्पांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. शेवट बघू दे."

बघितला. गर्दी, हार, अंत्ययात्रा.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"आमची नंदा किनवटला न्हाई. हाव ना?"

तेवढ्यात पप्पा चहा घेऊन आले. मी उठून कप हातात घेतला.

पप्पा म्हणतात, सांगितल्यावर आप्पांना काही झालं तर जबाबदार कोण? मलाही तीच भीती आहे. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगा, पण हळू सांगा आणि जवळ बसून राहा.

बाप असून त्यांना लेकीसाठी अजून रडता आलेलं नाही.

आप्पांकडे मोबाइल नाही, म्हणून इथं लिहितेय. भेटायला जाणाऱ्यांनी मी सांगेपर्यंत काही बोलू नये, ही विनंती.

आत्या, आपल्या लिंगायत रीतीचा शेवटचा नमस्कार तुला, शरणु शरणार्थी.

येत्या सोमवारी सकाळी, आप्पांची लिंगपूजा आटोपली की, मी त्यांना सांगणार आहे.